कालीला शिकवलं कुणी?

कुत्र्याचा इतिहास हुडकायला निघालं की आधी राजेलोकच भेटतात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर गाव आहे. तिथं इ.स. ९४९-५० चा एक कोरीव दगड मिळाला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला. तक्कोलमला चोळांशी लढाई झाली. तीत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीरानं बक्षीस म्हणून 'काली' नावाचं कुत्रं मागून घेतलं. पुढं कालीला एका दांडग्या रानडुकरावर सोडलं. दोघंही झुंजून मेले. मणलेरानं देवळापुढं दगड उभा केला आणि त्याच्या पूजेला जमीन लावून दिली. तो दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

त्यानंतर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्यानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' ग्रंथ केला, त्यात कुत्र्यांवर वेगळं प्रकरणच आहे. अलीकडं मुधोळच्या घोरपडे राजांनी कारवानी कुत्री नावारूपाला आणली. ती मुधोळची म्हणून गाजली.

हे सगळं खरं. पण कालीला शिकवलं कुणी, ते दगडावर नाही. ते काम कुणातरी गरिबाच्या दारातच झालं असणार. आमच्या जत भागात तरी ते धनगराच्या वाड्यावर आणि शेतकऱ्याच्या वस्तीवरच व्हायचं.

आमच्याकडं कुत्र्याची दोन कामं. एक राखणीचं, दुसरं धावण्याचं. दोन्हींची शिकवण वेगळी.

राखणीचं पिल्लू दूध सुटता सुटता मेंढरांत ठेवायचं. रात्री वाघरीत कोकरांच्या उबेला झोपवायचं. माझा आज्जा म्हणायचा, "मेंढरात वाढलं की त्येला वाटतंय आपण बी मेंढरूच हाय. मग लांडगा आला की ते धन्यासाठी न्हाई, भावकीसाठी भांडतंय." पिल्लू कोकरांमागं पळायला लागलं, तर काठी नाही मारायची. गळ्यात लाकडाचं लोढणं बांधायचं, पळताना ते पायात आलं की आपोआप शहाणं होतं. मेलेल्या कोकराचं मांस त्याला कधी दाखवायचं नाही. भाकरी आणि ताक, त्यावरच ते वाढायचं.

कारवानीचं तंत्र निराळं. ते वासापेक्षा नजरेवर पळतं. हाडं कोवळी असताना त्याला दमवायचं नाही, अंगणात खेळू द्यायचं. जरा भरलं की पहाटेच्या गारव्यात जाणत्या कुत्र्याच्या जोडीनं सोडायचं. नांगरलेल्या ढेकळाच्या रानात थोडं थोडं चालवायचं, म्हणजे पंजे घट्ट होतात. खाणं पळून आल्यावर, तेही धाप बसल्यावर. उन्हाचं पळवणं म्हणजे जनावर हातचं घालवणं. हाक एकच ठेवायची, आणि ती घरात सगळ्यांनी सारखीच मारायची.

हे कुणी लिहून ठेवलं नाही. खंडोबाजवळ कुत्रं असतं, चंपाषष्ठीला वाघ्या कुत्र्यासारखा भुंकून कोटंब्यातलं खातो. एवढा मान धनगराच्या देवानं कुत्र्याला दिला. पण कुत्रं घडवणाऱ्याचं नाव देवळातही नाही.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. शिकार बंद झाली, ते बरंच झालं. ससे, हरणं तरी राहिली. पण कारवानीचं पिढीजात काम गेलं. पुढं पडीक रानं मोडून द्राक्षं, डाळिंबं आली. मेंढरं बसवायला रान कमी झालं, तसे वाडेही कमी झाले. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं. लष्करानंही ही कुत्री मेरठला शिकवायला नेली. अभिमान वाटला. पण वस्त्यांवर बघावं, तर तेच कुत्रं दिवसभर साखळीला. पळायला जन्मलेलं जनावर दोन हातांच्या साखळीत फिरतं आणि मग माणसावर धावतं. लोक म्हणतात, कुत्रं वंगाळ निघालं.

कुत्रं वंगाळ नसतं. त्याचं काम गेलेलं असतं. ज्याला कुत्रं पाळायचंय, त्यानं आधी त्याला काम द्यावं: वस्तीची राखण, गुरांबरोबर रानात जाणं, रोज पहाटे चार शेतं चालणं. रेबीजची लस वेळेवर टोचावी. आणि गावात एखादा म्हातारा धनगर असेल, तर त्याच्याजवळ दोन संध्याकाळी जाऊन बसावं. मणलेरानं कालीसाठी दगड तरी उभा केला. या म्हाताऱ्यांची विद्या दगडावर नाही, पुस्तकातही नाही. ती त्यांच्याबरोबर जायच्या आत ऐकून घ्यावी.