थंडीतील तडा आणि लाल सिग्नल : ठाणे-कल्याण लोहमार्गावरील एका लपंडावी बिघाडाचा इतिहास

प्रस्तावना :

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातून दररोज मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदार वर्गाला डिसेंबर-जानेवारीतील एक उद्घोषणा चांगलीच परिचित आहे. सकाळच्या ऐन गर्दीत ‘तांत्रिक बिघाडामुळे’ गाड्या उशिराने धावत असल्याचे सांगितले जाते. फलाटावर ‘सिग्नल फेल झाला’ असा निष्कर्ष परस्पर काढला जातो. दुपारपर्यंत सर्व सुरळीत होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘रुळाला तडा’ अशी चार ओळींची बातमी येते. अशा प्रसंगी सिग्नल बहुधा बिघडलेला नसतो. तो आपले काम चोख बजावीत असतो. बिघाड रुळात असतो, तो थंडीत प्रकटतो आणि ऊन चढताच दडून बसतो. प्रस्तुत लेखात या बिघाडाचा आणि तो शोधण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

सांध्यापासून अखंड रुळापर्यंत :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इतिहासात मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव सन्मानाने येते, आणि ते योग्यच आहे. परंतु बर्कलींच्या पिढीतील अभियंत्यांनी उष्णतेने धातू प्रसरण पावतो व थंडीने आकुंचन पावतो या नियमाशी केलेली तडजोड अत्यंत साधी होती. दोन रुळांच्या टोकांमध्ये थोडी फट सोडायची आणि ती टोके फिशप्लेटने जोडायची, एवढीच ती तडजोड. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ तापमानातील ३० अंशांच्या फरकाने सुमारे साडेचार मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो; ती हालचाल फटीत सामावून जात असे. आगगाडीचा जो ठेका जुन्या पिढीच्या कानांत बसला आहे, तो या फटींचाच आवाज होय.

मात्र फट म्हणजे धक्का आणि धक्का म्हणजे झीज. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९० च्या दशकात ॲल्युमिनियमची भुकटी व लोहाचे ऑक्साइड यांच्या प्रक्रियेतून वितळलेले पोलाद मिळविण्याची थर्मिट पद्धत विकसित केली. १८९९ मध्ये एसेन येथे ट्रामचे रूळ या पद्धतीने जोडण्यात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातही शेकडो मीटर लांबीचे, सांधेविरहित रूळ रूढ होत गेले. प्रवास सुखद झाला, आवाज थांबला. पण निसर्गनियम थांबला नाही. एक किलोमीटरचा मोकळा रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३५ सेंटिमीटर हलला असता. स्लीपर व खडी त्याला जखडून ठेवतात म्हणून तो हलत नाही, आणि जी हालचाल व्हायची ती ताणाच्या रूपाने पोलादातच साठते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.८ टन बल निर्माण होते. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसविला असेल, त्याहून पारा २० अंश खाली गेला, तर रुळाची दोन्ही टोके ३५ टनांहून अधिक बलाने विरुद्ध दिशांना खेचली जात असल्यासारखी स्थिती होते. उन्हाळ्यात याच्या उलट दाब निर्माण होऊन रूळ वाकण्याचा धोका असतो. मुंबई परिसरात थंडी ती किती, असे उपरोधाने म्हटले जाते. प्रश्न थंडीच्या तीव्रतेचा नसून दिवस व रात्र यांच्यातील अंतराचा आहे. कल्याण-बदलापूरकडे, समुद्रापासून आत, ते अंतर अधिक असते. दुपारच्या उन्हात रूळ हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि पहाटे तोच रूळ दवाने भिजलेला असतो.

तुटते ते दुबळ्या जागी. ओतीव जोडातील एखादा बुडबुडा, सपाट झालेल्या चाकाचा वारंवार बसणारा ठोका, खाडीच्या खाऱ्या दमट हवेने रुळाच्या तळाशी धरलेला गंज, यांपैकी काहीही पुरते. ठाणे खाडी, कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात शेवटच्या कारणाची वाण नाही.

विजेचा साक्षीदार :

रूळ तुटल्याची वार्ता सिग्नलपर्यंत कशी पोहोचते? अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये बंद ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यापासून विद्युतदृष्ट्या वेगळा करावयाचा, एका टोकाला बॅटरी व दुसऱ्या टोकाला रिले जोडायचा. प्रवाह रुळातून वाहत असेपर्यंत रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडून टाकतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. या योजनेचे खरे मर्म असे की बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ तुटला तरी परिणाम तोच, म्हणजे लाल. गाडीसाठी रचलेली युक्ती तड्याचीही साक्षीदार ठरली.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावरील पहिली विद्युत गाडी धावली. १९२८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या टप्प्यात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. १९२९ मध्ये ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेचे स्वतःचे वीजगृह सुरू झाले. आज डोंबिवलीकरांच्या स्मरणात ते बंद पडलेली वास्तू म्हणूनच आहे. विद्युतीकरणामुळे रुळावर दुसरी जबाबदारी पडली. ओव्हरहेड वायरमधून गाडीत आलेला प्रवाह परत जातो तो रुळांतूनच. हा परतीचा प्रवाह डीसी असल्याने ट्रॅक सर्किटला एसी प्रवाह द्यावा लागे, अन्यथा रिलेची फसगत झाली असती. २०१५ पर्यंत कल्याणपर्यंतचा मुख्य मार्ग २५,००० व्होल्ट एसी प्रवाहावर गेला, तेव्हा हा सारा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागला.

साक्षीदार प्रामाणिक असला तरी सर्वज्ञ नव्हता. केवळ रुळाच्या तळाला गेलेली चीर त्याला कळत नाही, कारण उरलेल्या पोलादातून प्रवाह वाहतच राहतो. पूर्ण तुटलेल्या रुळाची टोके उन्हाने एकमेकांना भिडली, तर सर्किट पुन्हा जुळते आणि सिग्नल हिरवा होतो. जेथे दोनपैकी एकच रूळ सिग्नलसाठी वापरला जातो, तेथे परतीच्या प्रवाहाच्या रुळातील तड्याबाबत तो मूकच राहतो. शिवाय स्वयंचलित विभागात लाल सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे थांबून अत्यंत सावधपणे पुढे जाण्याची मुभा मोटरमनला आहे. एवढ्या दाट वाहतुकीत हा नियम अपरिहार्य असेलही; पण त्यामागे सिग्नलचा लाल रंग पोकळ असू शकतो हे गृहीत धरलेले आहे, हे नजरेआड करता येत नाही.

विमानातील समांतर उदाहरण :

असा लपंडावी बिघाड ही केवळ लोहमार्गाची व्याधी नाही. लहान विमानात थंड हवेत उड्डाण करताना रेडिओ वा दिशादर्शक उपकरणांचा वीजपुरवठा मध्येच खंडित होतो. विमान खाली उतरून उबदार हँगरमध्ये येताच सर्व उपकरणे निर्दोष चालतात आणि नोंदवहीत ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. थंडीने बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते हे एक कारण. परंतु पुष्कळदा डाखाला गेलेली केसाएवढी चीर किंवा सैल झालेली जोडणी आकुंचनाने उघडते, हे खरे कारण असते. कुशल तंत्रज्ञ अशा वेळी संशयित भागावर गोठविणारा फवारा मारून बिघाड मुद्दाम घडवून आणतो, कारण जो बिघाड प्रकट होत नाही तो शोधता येत नाही.

या दोन क्षेत्रांना जोडणारी एक व्यक्ती इतिहासात आहे. विमानांच्या जायरोस्कोपिक उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेले एल्मर स्पेरी यांनीच रुळातील अंतर्गत दोष शोधणारी गाडी तयार केली. ती १९२८ मध्ये सेवेत आली. ऑगस्ट १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे बाहेरून धडधाकट दिसणारा रूळ आतील चिरेमुळे फुटून २९ जण दगावले होते, ही तिची पार्श्वभूमी. रुळातून मोठा प्रवाह सोडून त्याच्या चुंबकीय क्षेत्रातील विक्षेप टिपावयाचा, ही तिची रीत. पुढे श्राव्यातीत ध्वनिलहरींची चाचणी आली आणि भारतीय रेल्वेत ढकलगाडीवरील अशी यंत्रे घेऊन रूळ तपासणे हा नित्यक्रम झाला.

पहाटेची गस्त :

कल्याणचे रूळ फवारा मारून थंड करता येत नाहीत. तेथे थंडीच्याच वेळी जावे लागते. थंडीतील गस्त रात्रीच्या उत्तरार्धात घातली जाते याचे कारण हेच; ताण सर्वाधिक असतो तेव्हा चीर उघडते आणि दिव्याच्या उजेडात ताज्या तुटीची चकाकती रेषा दिसते. गस्तीवरील गँगमनजवळ दिवा, हातोडी, लाल बावटा आणि गाडी थांबविण्यासाठी रुळावर ठेवावयाचे फटाके असतात. चार वा अधिक मार्गांच्या मधून, दोन्ही दिशांनी येणाऱ्या गाड्यांत, अंधारात चालण्याचे हे काम आहे. रूळ तपासताना गाडीखाली सापडून मृत्यू पावलेल्या कामगारांच्या बातम्याही चार ओळींच्याच असतात.

तडा सापडल्यावर वाकविलेल्या फिशप्लेट लावून त्या क्लॅम्पने आवळतात व गाड्या मर्यादित वेगाने सोडतात. पुढे ब्लॉक घेऊन तेवढा तुकडा कापून नवा जोडला जातो. प्रवाशाला जाणवतो तो केवळ वीस मिनिटांचा उशीर.

अलीकडे ट्रॅक सर्किटच्या जागी ॲक्सल काउंटर बसविण्याकडे कल आहे. विभागात शिरलेल्या व बाहेर पडलेल्या चाकांच्या आसांची गणना करून मार्ग रिकामा आहे की नाही हे तो ठरवितो. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जाऊन ट्रॅक सर्किट निकामी होण्याचा मुंबई परिसराचा अनुभव पाहता त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र तो रुळातून प्रवाह सोडत नाही. त्याचे लक्ष केवळ आसांवर असते. जेथे केवळ ॲक्सल काउंटर आहे, तेथे पहाटे रूळ दुभंगला तरी सिग्नल हिरवाच राहतो. पहिली वार्ता मिळते ती मोटरमनला बसलेल्या धक्क्यातून, किंवा त्याआधी तेथवर चालत पोहोचलेल्या गँगमनकडून.