परवडणारी बाबागाडी

बाबागाडी या शब्दातला ‘बाबा’ म्हणजे वडील नव्हेत, बाळ. इंग्रजी अमदानीत बंगल्यावरच्या आया आणि नोकरचाकर साहेबाच्या मुलांना ‘बाबा’ म्हणत. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या गमतीदार कोशात त्याची नोंद आहे. साहेबाच्या बाबाची गाडी ती बाबागाडी, अशी माझी आपली व्युत्पत्ती. भाषातज्ज्ञांना ती पटो न पटो, चित्र मात्र खोटं नाही. आपल्या मुलांना गाडी नव्हती. घरात पाळणा, शेताच्या बांधावर झाडाला बांधलेली झोळी, रस्त्यानं जाताना आईची कड आणि पाय फुटले की लाकडी तीन चाकांचा पांगुळगाडा, एवढ्यावर बालपण निभावत असे.

आता बाबागाड्या दुकानोदुकानी दिसतात. घरात बाळ येणार म्हटलं की विचारणा सुरू होते : परवडेल अशी कोणती? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गाडीचा सगळा इतिहासच मुळी ‘परवडणं’ या शब्दाभोवती फिरला आहे.

ज्यांच्यासाठी पहिली नावाजलेली गाडी झाली त्यांना हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. १७३३ च्या सुमारास डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकनं आपल्या मुलांसाठी विल्यम केंट यांच्याकडून एक गाडी करवून घेतली. केंट म्हणजे तेव्हाचे मोठे वास्तुरचनाकार आणि उद्यानांचे आखणीकार. त्यांनी शिंपल्याच्या आकाराची, खालून स्प्रिंगा बसवलेली गाडी घडवली. ती ओढायला बकरी किंवा लहानसं तट्टू जुंपायचं. थोडक्यात, तो मुलांसाठी केलेला छोटा रथ होता. बाळाला हवेवर नेण्याची सोय आणि ड्यूकचा थाट यांत थाटाचाच वाटा मोठा असावा.

पुढची शंभर वर्षं गाडी ओढण्याचीच वस्तू राहिली. ओढणाऱ्याची पाठ बाळाकडे, त्यामुळे मागं काय चाललं आहे त्याचा पत्ता नाही. मग १८५३ साली चार्ल्स बर्टन यांनी इंग्लंडमध्ये मागून ढकलायच्या गाडीचं पेटंट घेतलं. तिचं नाव ‘पेरॅम्ब्युलेटर’. मूळ लॅटिन धातूचा अर्थ फिरणं, हिंडणं. एवढा लांबलचक शब्द रोज कोण उच्चारणार? त्याचा ‘प्रॅम’ झाला.

गाडी आली तशी कुरबुरही आली. १८३५ च्या इंग्लंडच्या हायवे ॲक्टनं पदपथावर गाडी चालवायला मनाई केली होती. मग बाळाची गाडी ही गाडी की नव्हे? पायी चालणाऱ्यांच्या पायांवर चाकं जायची, त्यांची तक्रार असायची की या आयांचं लक्ष बाळाकडेही नसतं आणि रस्त्याकडेही नसतं. बायका गाड्या ढकलतच राहिल्या आणि पदपथाला त्यांची सवय झाली. आपल्याकडे पदपथावरून बाबागाडी न्यायला कायद्याची नाही, पदपथाचीच अडचण होते, हा भाग वेगळा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने निघाले. लीड्समध्ये विल्यम विल्सन यांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ‘सिल्व्हर क्रॉस’ ही त्यांतली प्रसिद्ध कंपनी. उंच चाकं, घोडागाडीसारखे कमानदार स्प्रिंग, चकचकीत रंग दिलेली पेटी, वर मिटणारं छत. दुकानात मोजायची ती फक्त गाडीची किंमत. तिच्यामागे आणखी किती खर्च उभा असे ते पाहा : ढकलायला पगारी आया, ठेवायला तळमजल्यावरची प्रशस्त ओसरी, फिरवायला केन्सिंग्टन गार्डन्ससारखी बाग. गाडी जिन्यावरून न्यायची तर दोन माणसं लागत. गडीमाणसं असलेल्या घराला हे परवडे.

कामकरी वस्तीतही गाडी पोचली, पण हप्त्यानं किंवा दुसऱ्या-तिसऱ्या हातची. तिथं ती एकट्या बाळाची राहिली नाही. बाळ मोठं झालं की तिच्यातून कोळसा यायचा, धुण्याची बोचकी जायची. गाडी अगदीच मोडली की पोरं तिची चाकं काढून फळीला ठोकत आणि उतारावरून घसरत. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा बेल्जियम आणि फ्रान्समधली माणसं संसार बाबागाडीत घालून रस्त्यानं निघाली. त्या काळची छायाचित्रं पाहिली की ढीगभर गाठोडी दिसतात आणि त्यांच्या खाली चार बारीक चाकं.

युद्धात आणखी एक उलटापालट झाली. सिल्व्हर क्रॉसच्या कारखान्यात प्रॅमऐवजी विमानांचे सुटे भाग तयार होऊ लागले. वीसेक वर्षांनी याची परतफेड व्हावी तशी गोष्ट घडली. विमानांवर काम करणारा इंजिनिअर बाबागाडीकडे वळला. ओवेन मॅक्लॅरन हे त्याचं नाव. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर मुलगी मॉस्कोहून नातवंडाला घेऊन आली. तिच्या जडशीळ गाडीची विमानप्रवासात झालेली ओढाताण त्यांनी पाहिली. हलकं आणि मजबूत कसं करायचं हे विमानवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ॲल्युमिनियमच्या नळ्या, मधे कापडाची बैठक, आणि एका हालचालीत छत्रीसारखी मिटणारी घडी. वजन सुमारे सहा पौंड, म्हणजे तीन किलोच्या आतच. १९६५ साली पेटंटचा अर्ज झाला आणि १९६७ मध्ये गाडी बाजारात आली. पहिलं उत्पादन नॉर्थम्प्टनशरमधल्या बार्बी गावात, त्यांच्या राहत्या घराच्या जुन्या तबेल्यात झालं.

माझ्या मते बाबागाडी खऱ्या अर्थानं परवडू लागली ती इथं. मॅक्लॅरन यांनी तिचं वजन उतरवलं, आणि वजनाबरोबर आया, ओसरी, गडीमाणसं हा सगळा अदृश्य खर्च उतरला. एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात मिटलेली गाडी घेऊन एकटी आई बसमध्ये चढू शकली. उंच इमारतींतल्या लहान घरांत गाडी दाराआड उभी राहू शकली.

आमच्याकडे नातीच्या वेळी हेच लक्षात आलं. मी दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होतो. सूनबाईनं एक गाडी उचलून पाहिली आणि म्हणाली, ‘‘बाबा, आपल्याकडे लिफ्ट नाही. ही रोज तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार?’’ स्वस्तातली ती गाडी तिथंच महाग ठरली.

पण हलकं ते चांगलं, असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. छत्रीच्या घडीची साधी गाडी बसू लागलेल्या बाळाची. नवजात बाळाची मान धरलेली नसते, त्याला पाठ सपाट ठेवून निजवावं लागतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून गाडी वापरायची असेल तर पाठ पूर्ण आडवी होते की नाही हे आधी पाहायचं. दुसरी गोष्ट बाळाच्या तोंडाची दिशा. बाल्टिमोरचे कृष्णवर्णीय संशोधक विल्यम रिचर्डसन यांनी १८८९ मध्ये अशी गाडी पेटंट केली की पेटी फिरवून बाळाला ढकलणाऱ्याकडे तोंड करून ठेवता येई. पुढं हलक्या गाड्यांच्या जमान्यात ही सोय मागं पडली. २००८ साली डंडी विद्यापीठातल्या सुझॅन झीडिक यांनी अभ्यास केला, तेव्हा समोरासमोर असलेल्या बाळाशी आईवडील जास्त बोलतात असं दिसलं. आपल्या आज्या हे अभ्यासाशिवायही सांगतील, पण दुकानात गाडी निवडताना त्यांना सहसा कुणी नेत नाही.

आणि बिजागऱ्या. ज्या घडीनं गाडी हलकी केली तिच्यातच धोका होता. २००९ च्या नोव्हेंबरात मॅक्लॅरन कंपनीनं अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी ग्राहकांना सावध केलं आणि बिजागऱ्यांवर बसवायची आवरणं दिली. गाडी उघडताना सांध्यात सापडून बारा मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याची नोंद झाली होती. गाडी उघडण्या-मिटण्याआधी मूल हातभर लांब ठेवायचं, मग गाडी कितीही नामांकित असो.

ब्रेकचं महत्त्व सांगायला आयझेन्स्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ पुरेसा आहे. १९२५ च्या या मूकपटात ओडेसाच्या प्रचंड पायऱ्यांवरून बाळासह घरंगळणारी गाडी पाहिली की प्रेक्षकाचा हात आपोआप पुढं होतो.

आम्ही शेवटी ओळखीच्या एका घरातून वापरलेली गाडी घेतली. पाठ सपाट होणारी, घडीची, सूनबाईला एका हातानं उचलता येईल अशी. पट्टे नवे घातले, ब्रेक लावून गच्चीच्या उतारावर दोनदा ढकलून पाहिली, बिजागऱ्यांवर जाड कापडाच्या पिशव्या शिवून चढवल्या. नात तिच्यात सकाळी सातच्या आत फिरते. त्यानंतर आमच्या रस्त्याच्या पदपथावर स्कूटर लागतात.