दुर्गम वस्ती आणि गुन्ह्याची कथा : उत्तर युरोपातील रहस्यकादंबरी व मराठी रहस्यकथा

प्रस्तावना :
रहस्यकथा हे महानगराचे अपत्य आहे, असे सामान्यतः मानले जाते. गर्दी, अनोळखी चेहरे व गुन्हेगाराला दडून बसण्यास मिळणारी जागा या महानगरी वैशिष्ट्यांवर हा वाङ्मयप्रकार पोसला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र स्वीडन व आइसलंड या देशांत याच्या नेमकी उलट दिशा दिसू लागली. तेथील रहस्यकादंबरीने खाणकामगारांचे गाव, कोळ्यांचे बंदर, एकाकी शेतघर अशी स्थळे निवडली. त्यांतील काही ठिकाणी हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही आणि हिमवर्षावाने रस्ते बंद होतात. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तेथे रहस्य कसे निर्माण होते, हा पहिला प्रश्न होय. मराठीत रहस्यकथा विपुल लिहिली गेली आणि ग्रामीण कादंबरीही समृद्ध झाली. तरीही या दोहोंचा संगम का झाला नाही, हा दुसरा. या दोन प्रश्नांचा येथे ऐतिहासिक अंगाने विचार केला असून, त्यासाठी मराठवाड्यातील मानवत खून खटल्याचा आधार घेतला आहे.

उत्तरेकडील परंपरेचा उदय :
या परंपरेचा पाया माय शोवाल व पेर वालो या स्वीडिश लेखकजोडीने घातला. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याभोवती दहा कादंबऱ्या रचल्या. गुन्ह्याच्या तपासाच्या निमित्ताने कल्याणकारी राज्याची चिकित्सा करणे, हा त्यांचा उघड हेतू होता. हेनिंग मानकेल यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या वालांडर मालिकेतील १९९१ची पहिली कादंबरी स्वीडनच्या दक्षिण टोकाकडील स्कोने प्रांतात घडते. ऐन जानेवारीत एका वृद्ध शेतकरी दांपत्यावर प्राणघातक हल्ला होतो. मरणासन्न वृद्धेच्या तोंडून निघालेल्या एका शब्दावरून परकीयांवर संशय जातो आणि निर्वासितांवर हल्ले सुरू होतात. येथे खुनाइतकाच महत्त्वाचा ठरतो तो खुनाने उघडा पाडलेला समाज.

ओसा लार्सन यांनी २००३ मध्ये ही कथा थेट आर्क्टिक वृत्तापलीकडे, किरूना या लोहखनिजाच्या गावी नेली. तेथील एका धर्मपंथाच्या लोकप्रिय प्रवचनकाराचा चर्चमध्येच खून होतो आणि पूर्वी गाव सोडून राजधानीत गेलेली एक वकील स्त्री परत येते. रागनार योनासोन यांच्या २०१०च्या कादंबरीत आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील सिग्लुफ्योर्दुर या गावी एक तरुण पोलीस नेमणुकीवर येतो. हेरिंग मासळीच्या व्यवसायाने एके काळी गजबजलेले हे गाव मासळी संपल्यावर ओसरले होते. हिमप्रपाताने रस्ता बंद होतो आणि संशयित, साक्षीदार व तपास करणारा असे सर्व जण एकाच कोंडीत सापडतात.

या कादंबऱ्यांत तपास करणारी व्यक्ती बहुधा गावाच्या उंबरठ्यावर उभी असते. ती पूर्णतः आतली नसते, तशी पूर्णतः बाहेरचीही नसते. माहिती नसणे ही तेथील अडचण नाही. माहिती सर्वांना असते. ती बोलली जात नाही. महानगरी रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे कोणालाच ठाऊक नसते. वस्तीच्या रहस्यकथेत ते अनेकांना ठाऊक असते अथवा ठाऊक असल्याचा संशय तरी असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते.

छोटा समाज आणि पुरावा :
अशा समाजातील पुराव्याचा प्रश्न आइसलंडने प्रत्यक्षातही अनुभवला. १९७४ मध्ये तेथे दोन पुरुष वेगवेगळ्या वेळी बेपत्ता झाले. त्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. प्रदीर्घ एकांतकोठडीत दिल्या गेलेल्या कबुलीजबाबांच्या आधारे सहा तरुण-तरुणींना दोषी ठरवण्यात आले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे २०१८ मध्ये त्यांपैकी पाच जणांना त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवले. खुनाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या या देशाला उत्तर तातडीने हवे होते आणि ते माणसांच्या तोंडून काढले गेले. अर्नाल्दुर इंद्रिदासोन यांची पहिली कादंबरी १९९७ची. आइसलंडमध्ये रहस्यकादंबरीला बहर आला तो त्यानंतर, म्हणजे हे प्रकरण समाजाच्या मनात दीर्घकाळ सलत राहिल्यावर.

मराठीतील दोन प्रवाह :
मराठी रहस्यकथेचा विस्तार लक्षणीय आहे. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार व काळापहाड ही त्यांची पात्रे घरोघर पोचली. गुरुनाथ नाईक यांचे लेखनही अशाच विपुलतेचे होते. सुहास शिरवळकर यांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन अशा नायकांद्वारे तरुण वाचक मिळवला. ही पुस्तके खेड्यापाड्यांतील वाचनालयांत व एस.टी. स्थानकांवर वाचली गेली. त्यांचे जग मात्र प्रामुख्याने मोटारी, बंगले, क्लब व टोळ्यांचे राहिले. ग्रामीण वाचकाने शहरी गुन्हा वाचला, आपल्या गावातला नव्हे.

दुसऱ्या बाजूला, दुर्गम वस्तीचे चित्रण मराठीत उत्तम झाले. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत एक तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीवर येतो, हळूहळू तिच्यात मिसळतो आणि अखेर दुष्काळात वस्ती उठून जाताना पाहतो. उंबरठ्यावरचा निरीक्षक, मोजकी माणसे, निसर्गाची कोंडी हे उत्तरेकडील कादंबरीचे घटक येथे आधीच उपस्थित आहेत; उत्तरेत जे काम बर्फ करतो ते इकडे अवर्षण करते. परंतु ग्रामीण कादंबरीला प्रतिष्ठा लाभली, तर रहस्यकथा रंजनपर ठरवून समीक्षेने दूर ठेवली. वस्ती एका प्रवाहाकडे गेली, गुन्हा दुसऱ्याकडे. दोहोंच्या वाचकांत देवाणघेवाण होती. समीक्षेत व अभ्यासक्रमांत ती फारशी झाली नाही.

मानवत : न लिहिली गेलेली कादंबरी :
नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे लहान मुली व स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. महाराष्ट्र तेव्हा भीषण दुष्काळातून जात होता. गुप्तधनाच्या लालसेने व पिंपळावरील मुंजाला संतुष्ट करण्यासाठी नरबळी दिले गेले, असे अभियोग पक्षाचे प्रतिपादन होते. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. १९६८ मध्ये रामन राघवच्या प्रकरणाचा तपासही त्यांनीच केला होता.

मानवत भौगोलिकदृष्ट्या दुर्गम नव्हते. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) उस्मानपुऱ्याजवळील रेल्वेस्थानकातून जाणाऱ्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरच मानवत रोड हे स्थानक आहे. ही दुर्गमता संस्थात्मक होती. हा प्रदेश १९४८पर्यंत निजामी राजवटीत होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. औरंगाबाद येथे उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले ते १९८१ मध्ये. तोवर मराठवाड्यातील अपिले मुंबईलाच जात. रस्ता खुला होता. बंद होती ती तोंडे. बळी गेलेल्या मुलींच्या आईबापांना दाद मागण्याचे ठिकाण दूर आणि ज्यांच्यावर संशय घ्यायचा ते शेजारी, ही त्या कोंडीची खरी रचना होती.

खटल्यात माफीच्या साक्षीदारांचा जबाब कळीचा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या निकालात (दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य) अशा साक्षीच्या मूल्याचा सविस्तर ऊहापोह केला. सहअपराध्याच्या साक्षीवर दोषसिद्धी होऊ शकते. तथापि महत्त्वाच्या तपशिलांत तिला स्वतंत्र दुजोरा शोधणे हा विवेकाचा नियम आहे, असे तत्त्व त्यात अधोरेखित झाले. आइसलंडमधील प्रकरणाशी याचे साम्य लक्षणीय आहे. वस्तीतील गुन्ह्याचा उलगडा माणसांच्या बोलण्यावर अवलंबून राहतो आणि त्या बोलण्याची पारख हीच न्यायाची कसोटी ठरते.

एवढे नाट्य असलेली ही घटना प्रामुख्याने वृत्तपत्रे, न्यायनिर्णय व कुलकर्णी यांच्या इंग्रजी आठवणी यांतून जतन झाली. त्या आठवणींवर आधारित मराठी वेबमालिका २०२४ मध्ये प्रदर्शित झाली. घटनेचे कथन मुख्यतः बाहेरून आलेल्या तपास अधिकाऱ्याच्या नजरेतून झाले. बळी गेलेल्या मुलींची घरे, दुष्काळी कामांवर जाणाऱ्या त्यांच्या आया, गावाने धरलेले मौन यांना त्या कथनात दुय्यम स्थान मिळणे स्वाभाविक होते.

निष्कर्ष :
दुर्गमता ही अंतरावर किंवा हवामानावर नव्हे, तर संस्थांपर्यंत पोचण्याच्या शक्यतेवर ठरते, हे या तुलनेतून दिसून येते. उत्तर युरोपातील रहस्यकादंबरीने दूरच्या वस्तीतील गुन्हा हा राज्याने दिलेल्या आश्वासनाचा हिशेब म्हणून वाचला. मराठीत त्यासाठी लागणारे वाचक, कथनकौशल्य व अनुभव हे सर्व उपलब्ध होते. उणीव होती ती दोन प्रवाहांना जोडणाऱ्या दृष्टीची. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येनंतर महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा कृत्य घडल्यावर शिक्षा देतो, काही अंशी धाकही निर्माण करतो. शेजाऱ्यांच्या ज्या मौनात असे कृत्य वाढते त्याची तपासणी मात्र साहित्य व इतिहास यांनाच करावी लागते. मानवत खटल्याचे न्यायनिर्णय व तत्कालीन वृत्तपत्रांचे अंक यांचा इतिहास, मराठी व विधी या विभागांनी संयुक्तपणे अभ्यास केल्यास मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासातील हे प्रकरण बळी गेलेल्यांच्या बाजूनेही वाचता येईल.