दुकानाचे दार आणि अंध गिऱ्हाईक



दुकान मांडून बसलेला व्यापारी दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत धाडीत नाही, असा आपला समज आहे. परंतु गेल्या पाव शतकात दुकान रस्त्यावरून उठून संगणकाच्या पडद्यावर आले, आणि या नव्या दारातून कितीतरी माणसे रोज विन्मुख परततात. नवल हे की, मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

अंध माणूस पडदा वाचतो तरी कसा, असे आपण विचाराल. त्याच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी किंवा ब्रेलच्या टिंबांत उमटविणारी योजना असते. तिला अक्षरे कळतात. चित्र मात्र तिच्या लेखी मुके. चित्रामागे दोन शब्दांचे वर्णन लिहून ठेवले, तरच ते बोलू लागते. ‘तिकिटे येथे मिळतील’ ही पाटी नुसती चित्र म्हणून रंगविली, तर डोळसाला दार दिसते आणि अंधाला भिंत लागते.

या भिंतीविरुद्धचा एक गाजलेला झगडा सिडनीस झाला. सन २००० च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी संयोजन समितीने संकेतस्थळ उघडले होते. ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध नागरिकाला त्यावरील चित्रांचा उलगडा होईना, की वेळापत्रकावरून खेळांच्या यादीकडे जाता येईना. जून १९९९ मध्ये त्याने १९९२ च्या कायद्याचा आधार घेऊन मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गुदरली. अशी स्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून कशी रचावीत, याचे जागतिक नियम त्याच्या आदल्याच महिन्यात प्रसिद्ध झालेले होते. तेव्हा अज्ञानाची सबब उरली नव्हती.

समितीने बचाव केला तो खर्चाचा. दुरुस्तीस एकवीस लाखांहून अधिक डॉलर लागतील, एका माणसाला वर्षभराहून अधिक काळ खपावे लागेल, असे तिचे म्हणणे. उलट तक्रारदाराच्या बाजूचे जाणकार म्हणाले, लहानसा चमू चार आठवड्यांत हे काम उरकील. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने मॅग्वायरच्या बाजूने कौल दिला आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सामने सुरू होण्याच्या दिवसापर्यंत, मुदत घातली. समितीने हुकूम पुरता पाळला नाही. सामने झाले, दिवे मालवले. नोव्हेंबरात तिच्यावर वीस हजार डॉलरांच्या भरपाईचा हुकूम झाला. भरपाई ठरली खरी, पण साऱ्या शहराने जो उत्सव अनुभवला तो त्या माणसाला कोण परत देणार?

कोणी म्हणेल, घरातले माणूस वाचून दाखवील की! दाखवील. पण आपल्या बँकेतली शिल्लक, आपले दुखणे, आपली खरेदी नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागणे, हे आपल्यापैकी किती जणांना रुचेल?

सिडनीचा धडा मोठ्या व्यापाऱ्यांनाही लगेच उमजला नाही. अमेरिकेत टार्गेट या बड्या कंपनीवर २००६ साली अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने दावा लावला. २००८ साली साठ लाख डॉलरांचा निधी ठेवून व स्थळ सुधारण्याचे कबूल करून कंपनीने तडजोड केली.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या २०१६ च्या कायद्याने खाजगी सेवा देणाऱ्यांनाही ही जबाबदारी सांगितली आहे. बँकेच्या ओळख-पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्याची अट होती. आम्लहल्ल्यात ज्यांचे चेहरे व डोळे होरपळले, त्यांनी ती कशी पाळावी? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

घर बांधताना उंबऱ्याशी उतरण ठेवली तर चार विटांचे काम. घर उभे राहिल्यावर तीच भिंत फोडावी लागते. व्यापाऱ्याने हा हिशेब केला तरी पुरे. मात्र नागरिकाने याहून थोडे पुढे जावे. मॅग्वायरने दया मागितली नव्हती; इतरांसारखे आपल्यालाही आत येऊ द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. गिऱ्हाइकाचे म्हणणे याहून वेगळे काय असते?