वीजमीटर : आकारणीच्या साधनापासून ऊर्जाकार्यक्षमतेच्या साधनापर्यंत

प्रस्तावना :
वीजमीटर हे सामान्यतः देयक आकारणीचे साधन मानले जाते. व्यापारी इमारतींतील विजेचा अपव्यय शोधण्याचे साधन म्हणून त्याचा विचार फार उशिरा सुरू झाला. या स्थित्यंतराचा महाराष्ट्राच्या संदर्भात आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मापनाचा आरंभ :
इ. स. १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्क येथे वीजपुरवठा सुरू केला, तेव्हा मीटरमधील जस्ताच्या पट्ट्यांचे वजन करून वापर ठरविला जात असे. मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाने मीटरला कायदेशीर स्थान दिले. परंतु ते पुरवठादार व ग्राहक यांच्यातील हिशेबाचा पुरावा म्हणून. वीज कोठे वाया जाते, हा त्या कायद्याचा विषय नव्हता.

दृष्टिकोनातील बदल :
तो विषय ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ ने पुढे आणला. १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली व २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींचे तारांकन सुरू झाले. त्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट वीज लागते, हा निकष ठरला. मीटरच्या आकड्याला क्षेत्रफळाने भागताच दोन इमारतींची तुलना शक्य झाली. याच दशकात ग्रामीण महाराष्ट्र तीव्र भारनियमन सोसत होता, तर मुंबई त्यातून बहुतांशी मुक्त होती. त्यामुळे इमारतींतील अपव्यय हा केवळ मालकाच्या खर्चाचा प्रश्न न राहता सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो.

नोंदींचे विश्लेषण :
महिन्याच्या एकूण आकड्यातून अपव्यय दिसत नाही. तासवार नोंदींतून तो दिसतो. एखादे कार्यालय बंद झाल्यावरही १० किलोवॉट भार रोज १० तास चालू राहिला, तर ३०० दिवसांत ३०,००० युनिट विनाकारण खर्च होतात. सुधारणेपूर्वीच्या व नंतरच्या वापराची तुलनाही मीटरमुळेच करता येते. मुंबईतील १९७२ सालच्या गोदरेज भवनात २०१० मध्ये वातानुकूलन यंत्रणा बदलण्यात आली. जुन्या इमारतींतही बचत साधता येते, याचे हे उदाहरण होय.

समारोप :
२०१७ च्या सुधारित संहितेने १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी ही मर्यादा ठेवली. पेठसारख्या तालुक्याच्या गावातील दुकाने, पतसंस्था व लहान कार्यालये या कक्षेबाहेर राहतात. तथापि कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे मीटर पोहोचलेला आहे. बारा महिन्यांची देयके, इमारतीचे क्षेत्रफळ आणि सायंकाळी कुलूप लावताना व सकाळी उघडताना घेतलेली नोंद, एवढ्या सामग्रीवर अभ्यासाचा आरंभ होऊ शकतो. महाविद्यालयांनी तो स्वतःच्या इमारतीपासून करावा, असे प्रस्तुत अभ्यासातून सुचवावेसे वाटते.