नवजात कक्षात मोजायचं काय?

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगतात, "पेटीत ठेवलंय." बाळ वाचलं की श्रेय पेटीला आणि मोठ्या डॉक्टरांना. नवजात अतिदक्षता कक्षाच्या उद्घाटनाच्या बातम्याही याच समजुतीवर उभ्या असतात: व्हेंटिलेटर किती, वॉर्मर किती, खर्च किती. रात्री दोन वाजता किती बाळांमागे किती सिस्टर असतील, हे बातमीत नसतं. उपचार यंत्रं करतात आणि परिचारिका त्या यंत्रांवर लक्ष ठेवते, हे मत इतकं रुजलंय की प्रशासन पदं मंजूर करतानाही तेच धरून चालतं. हे मत चूक आहे आणि त्याची किंमत बाळं मोजतात.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरी फुफ्फुसं साथ देईनात आणि दोन दिवसांच्या आत तो गेला. पैसा, सत्ता, निष्णात डॉक्टर सगळं हाताशी होतं. नव्हतं ते तंत्र. १९७१ साली जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी सीपॅप, म्हणजे श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवण्याची पद्धत मांडली. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी सरफॅक्टंट, म्हणजे फुफ्फुसं मिटू न देणारा पदार्थ, थेट फुफ्फुसात देऊन दाखवला. आज तेवढं बाळ सहसा घरी जातं. हे ऋण मान्यच आहे.

पण याच सीपॅपची पुढची कहाणी पाहा. १९८७ साली मेरी एलन एव्हरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध केली. फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार सर्वांत कमी आढळला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रात. तिथे जेन-टिएन वुंग बाळाला घाईने व्हेंटिलेटरवर टाकण्याऐवजी सुरुवातीपासून नाकावाटे सीपॅप देत. उपकरण साधंच: नळ्या, नाकातले प्रॉन्ग आणि पाण्याची बाटली. मात्र ते चालतं ठेवणं ही अत्यंत अवघड परिचर्या आहे. प्रॉन्ग नाकाच्या पडद्याला टेकले तर आधी लाली येते, मग जखम, मग पडदाच झिजतो. सैल राहिले तर दाब निसटतो. टोपी नीट बसली नाही की नळ्या सरकतात; तोंड उघडं राहिलं की बाटलीतले बुडबुडे थांबतात. पोटात हवा भरते, तीही तोंडावाटे घातलेल्या नळीने काढावी लागते. सिस्टरचा हात वेळेवर पोचला नाही तर यंत्र चालू आणि उपचार बंद, अशी स्थिती होते.

ऑक्सिजनचंही तसंच. १९४० नंतरच्या दशकात मुक्तहस्ते दिलेल्या ऑक्सिजनने अपुऱ्या दिवसांची हजारो मुलं अंध झाली. अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत उलट बाजू दिसली: सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८५ ते ८९ मध्ये ठेवलं तर डोळ्यांचा धोका घटतो, पण मृत्यू वाढतात. म्हणून आता साधारण ९० ते ९५ ही मर्यादा पाळतात. पण ती सांभाळायची कुणी? मॉनिटरवर ८२ दिसतं, अलार्म वाजतो. नवखा माणूस सरळ ऑक्सिजन वाढवतो. अनुभवी सिस्टर आधी बाळाकडे बघते: छाती हलतेय का, रंग कसा आहे, मान दुमडली आहे का, नाकात स्राव साठलाय का, पायावरचा प्रोब सुटलाय का. कित्येकदा मान सरळ केली किंवा तळवा हलकेच चोळला की आकडा चढू लागतो. ऑक्सिजन वाढवावाच लागला, तर बाळ सावरताच ती तो परत उतरवते. हीच शेवटची पायरी सर्वांत जास्त राहून जाते, कारण तोवर शेजारच्या बाळाचा अलार्म वाजलेला असतो.

म्हणून एका सिस्टरकडे बाळं किती, हा वैद्यकीय प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये अतिदक्षतेतल्या बाळाला एकास एक परिचारिका असावी असं मानक आहे. तिथल्याच ५४ कक्षांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात परिचर्येचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांचं प्रमाण एकास एकपर्यंत नेण्याचा संबंध मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्याने घटण्याशी दिसला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे; तरी दुर्लक्ष करावं इतका तो लहानही नाही. आपल्याकडे नवजात परिचर्येची वर्षभराची पदविका आहे. ती घेतलेल्या सिस्टरचीही फेरबदलात ऑर्थो वॉर्डात बदली होऊ शकते, कारण "सिस्टर ती सिस्टर".

दुसरं एक मत वरकरणी उलट वाटतं. परिचारिका दिनाच्या भाषणांत तिला माऊली म्हणतात, मायेच्या स्पर्शाने बाळं जगतात म्हणतात. मला हे कौतुक घातक वाटतं. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम ८० ते ९० मिलिलिटर. तपासणीसाठी किती थेंब घ्यायचे, चिकटपट्टी काढताना कागदासारखी त्वचा कशी राखायची, सलाइन शिरेबाहेर उतरतंय हे सूज दिसण्याआधी कसं ओळखायचं, याला ज्ञान लागतं. माया गृहीत धरली की प्रशिक्षणाचा आणि संख्येचा प्रश्न आपोआप मिटल्यासारखा होतो. आणि आईची माया हवी तर खऱ्या आईलाच आत घ्या. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या १ ते १.८ किलोच्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. यंत्रांची सोय दोन्ही गटांना होती. जंतुसंसर्गाच्या भीतीने आईला दाराबाहेर ठेवायचं, पण या चाचणीत आईजवळ ठेवलेल्या बाळांत संसर्गाचा संशय उलट कमी निघाला. अर्थात आईला आत घेणं, शिकवणं, नळ्यांसकट बाळ तिच्या छातीशी बांधणं, हेही कुणा सिस्टरचंच काम.

उरतो खर्चाचा आक्षेप: यंत्र एकदा घेतलं की झालं, पगार दर महिन्याला. हा हिशेब अर्धा आहे. सिस्टर अपुऱ्या पडल्या म्हणून संसर्ग झालेलं बाळ आठवडेच्या आठवडे कक्षात अडकतं, त्याचा खर्च कुठल्या खात्यात धरतात? नव्या कक्षाच्या प्रस्तावात प्रत्येक व्हेंटिलेटरसमोर तिन्ही पाळ्यांतल्या प्रशिक्षित परिचारिकांची पदं लिहिलेली असावीत आणि ती भरेपर्यंत तो व्हेंटिलेटर "उपलब्ध" म्हणून मोजला जाऊ नये.