चांद्याची पत्रं आणि ओरेगॉनची होळी

रजनीशांच्या गोष्टीत पुणं येतं, मुंबई येते, अमेरिका तर येतेच. चंद्रपूर सहसा येत नाही. जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवत असताना, १९६०च्या सुमारास, त्यांची चांद्याच्या मदनकुंवर पारख यांच्याशी ओळख झाली. (चंद्रपूर तेव्हा चांदा होतं, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात, ते वेगळं झालं १९८२ साली.) वयाने मोठ्या असलेल्या या बाईंना ते गेल्या जन्मीची आई मानत. त्यांना लिहिलेली १२० हिंदी पत्रं ‘क्रांतिबीज’ नावाने छापली गेली. छोटी पत्रं आहेत. एक माणूस एका माणसाला लिहितोय, एवढंच त्यांत आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. त्या काळात ते भाषणांतूनही हेच सांगत की धर्मसंस्था नको, पोथी नको, कुणाच्या मागे जाऊ नका.

१९७० मध्ये मनालीला त्यांनी संन्यासदीक्षा द्यायला सुरुवात केली. भगवे कपडे, नवं नाव आणि गळ्यात माळ. माळेच्या लॉकेटात स्वतः रजनीशांचा फोटो. कुणाच्या मागे जाऊ नका म्हणणाऱ्याने आपला फोटो लोकांच्या गळ्यात बांधला, यातली विसंगती तेव्हा फारशी कुणाला खटकली नाही. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कचा आश्रम सुरू झाला. १९८१ मध्ये ते जाहीर मौनात गेले आणि अमेरिकेला निघाले.

ओरेगॉनमध्ये सुमारे ६४ हजार एकरांवर रजनीशपुरम उभं राहिलं. गुरू गप्प, आणि त्यांच्या वतीने बोलणारी सचिव मा आनंद शीला. आता ‘रजनीशिझम’ नावाचा रीतसर धर्म झाला, त्याचा ग्रंथ निघाला. दिवसाचे बारा-बारा तास चालणाऱ्या कामाला ‘वर्शिप’ म्हणत. पूजाच ती, मग दमलो असं म्हणायचं कुणाला? १९८४ मध्ये स्थानिक निवडणूक जिंकण्यासाठी शीलाच्या माणसांनी द डॅलस गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला. ७५१ लोक आजारी पडले.

१४ सप्टेंबर १९८५ला शीला पळून गेली. दोन दिवसांनी रजनीशांनी पत्रकारांसमोर सगळ्याचं खापर तिच्यावर फोडलं. महिनाअखेर त्या धर्मग्रंथाच्या हजारो प्रतींची होळी झाली, तिचे झगेही त्यात टाकले. हा धर्म मी कधी काढलाच नव्हता, असं आता भक्तांना ऐकायला मिळालं. ज्यांनी त्यासाठी घरं विकली, नाती तोडली, तेच टाळ्या वाजवत आगीभोवती उभे होते.

पुढे शीलाला वीस वर्षांची शिक्षा झाली, ती २९ महिन्यांत सुटली. रजनीश इमिग्रेशनच्या गुन्ह्यात चार लाख डॉलर दंड भरून देशाबाहेर पडले आणि १९९० मध्ये पुण्यात वारले.

ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे धर्माचे अभ्यासक रोनाल्ड क्लार्क यांनी १९८८ मध्ये त्यांना ‘आत्ममुग्ध गुरू’ म्हटलं. तपासणीविना केलेल्या निदानावर माझा फारसा भर नाही. गुरूच्या मनात काय होतं यापेक्षा भक्ताच्या हातून काय काढून घेतलं गेलं, ते जास्त स्पष्ट दिसतं. वाईट वाटलं तर तो तुझा अहंकार. गुरू कठोर वागले तर तो जागं करण्याचा ‘डिव्हाइस’, म्हणजे युक्ती. सगळं कोसळलं तेव्हा अनेकांनी तेही डिव्हाइसच मानलं. फसवणूक झाली असं म्हणायला जो शब्द लागतो, तो आधीच बाद केलेला होता. मग राग शीलावर निघाला किंवा स्वतःवर. ‘मीच कमी पडलो’ हे वाक्य घेऊन माणसं आपापल्या देशांत परतली, नोकऱ्या शोधू लागली, जुनं नाव पुन्हा वापरू लागली.

ज्यांना परतायला जुनं नावच नव्हतं, ती तिथली मुलं. त्यांच्यातल्या काहींनी कम्यूनमध्ये लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल सांगितलं ते ‘चिल्ड्रन ऑफ द कल्ट’ या माहितीपटात. तो आला २०२४ मध्ये.